उभ्या दंडाचा हिशेब

सातारा आणि सांगली हे एकाच कृष्णेच्या काठचे शेजारी (सांगली जिल्हा तर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावानेच जन्मास आला). तेथील कुलकर्ण्यांच्या दप्तरांतला एखादा मोडी बंद उलगडला, की आकड्यांच्या उजव्या अंगास उभे दंड ओढलेले दिसतात. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, ‘५।’ म्हणजे सव्वापाच आणि ‘५॥।’ म्हणजे पावणेसहा. परंतु पाव कशाचा, हे तो दंड स्वतः सांगत नसे. रकमेच्या आरंभी रुपये लिहिले असतील तर तो चार आणे होई, बिघे असतील तर पाच पांड, खंडी असेल तर पाच मण. आणि मण असेल तर बारा पायल्यांच्या कैली मणाने मापलेल्या जोंधळ्यापुढे तोच दंड तीन पायल्या आणि चाळीस शेरांच्या वजनी मणाने तोललेल्या गुळाहळदीपुढे दहा शेर होई. पुढे कोणते फळ हवे, त्यावरून चिन्हाचे मूल्य ठरावे, अशी ही व्यवस्था होती, आणि तिच्यातील काटकसर मला विलक्षण वाटते.

एकाच चिन्हाचा नेमका अर्थ कशावरून ठरवावा, हा प्रश्न संगणकाच्या भाषांना पुष्कळ उशिरा पडला. एकाच नावाची अनेक फंक्शने असता सी प्लस प्लस किंवा जावा ही भाषा कोणते चालवावे याचा निवाडा पुरविलेल्या मूल्यांवरून करते; उत्तर कोणत्या जातीचे अपेक्षित आहे, हेही जमेस धरण्याची मुभा १९८३ साली प्रमाणित झालेल्या एडासारख्या थोड्याच भाषांनी दिली. कुलकर्ण्याच्या कारकुनास ती अपेक्षा बंदाच्या माथ्यावरच लिहिलेली सापडे.

वाईच्या कागदांवरून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड छापला, आणि त्याच सुमारास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तर प्रसिद्ध करू लागले; अशा कागदांत अक्षर लागले तरी माप कळल्यावाचून रक्कम लागत नाही. पुढे १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, १ एप्रिल १९५७ पासून चार आण्यांचे पंचवीस नये पैसे झाले, आणि मेट्रिक मापांनी मण, शेर, पायली यांची सरकारदरबारची सद्दी संपविली. जुन्या बंदावरून आपल्या पूर्वजांच्या शेताचे क्षेत्र काढू पाहणाऱ्याने मात्र आजही मोडी वाचणाऱ्यास प्रथम विचारावे, की वर माप कोणते लिहिले आहे.