हौशी बिनतारी आणि आपली तरुण पिढी

बिनतारी संदेशवहनाचे आणि ख्रिस्तसभेचे नाते जुने आहे. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनींनी उभारलेल्या व्हॅटिकन केंद्रावरून पोप अकरावे पायस ह्यांचा आवाज प्रथम जगभर गेला. परंतु आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते घरातल्या टेबलावरील रेडिओविषयी. परीक्षा देऊन, परवाना घेऊन दूरच्या अनोळखी माणसाशी संवाद साधणाऱ्या हौशी मंडळींना ‘हॅम’ म्हणतात. ह्या संवादातून पैसा मिळविण्यास त्यांना मनाई असते.

येशूसंघीय फादर मार्शल मोरन त्यांपैकीच एक. शिकागोचे फादर १९२९ साली भारतात आले आणि १९५१ साली काठमांडूजवळ गोदावरी येथे त्यांनी शाळा काढली. नेपाळातून कित्येक वर्षे ऐकू येणारी हौशी हाक बहुधा त्यांचीच असे.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण अधिक बोलके आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह तयार केला. दहा सेंटिमीटरचा हा ठोकळा वजनाने किलोभराच्याही आत! हॅम मंडळींचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे हे त्याचे योजलेले काम. अवकाशात त्याने दिशा धरावी कशी? ह्यासाठी मुलांनी मोटार बसविली नाही. आत चुंबक ठेवला. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतो. सुई हलत राहू नये म्हणून हेलकावे शोषणाऱ्या खास धातूच्या कांड्या बसविल्या. ह्या युक्तीला वीज लागत नाही. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही सी-३४ ने तो श्रीहरिकोट्याहून नेला. आरंभ २००८ च्या सुमाराचा आणि अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी पहिली आकृती काढली, ते उड्डाणाआधीच महाविद्यालय सोडून गेलेले. धाकट्यांच्या हाती अपुरे काम विश्वासाने सोपविणे आम्हांस त्या उड्डाणाहून मोठे वाटते.

आम्हां कोल्हापूरकरांना ह्या विद्येचे मोल वेगळे सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. महामार्ग बंद, गावे वेढलेली. अशा वेळी मोटारीच्या बॅटरीवर चालणारा संच आणि झाडाला बांधलेली तार पुरेशी होते. चाळीस मीटर लांबीच्या लहरींसाठी तार साधारण वीस मीटर लागते. निम्मीच का, हा प्रश्न मुलाने विचारला की विज्ञानाचा तास सुरू झाला! लहरी वातावरणातील विद्युत्भारित थरावरून परत येतात आणि दिवसा-रात्री त्यांचा पल्ला बदलतो, हेही त्याला पुस्तकाआधी कानांनीच कळते.

बारा वर्षे पुरी झालेल्या मुलालाही ही परीक्षा देता येते. आपल्या धर्मग्रामांत गायनवृंदासाठी ध्वनिवर्धक जोडणारी चपळ मुले-मुली आहेतच. सभागृहाच्या गच्चीवर वीस मीटर तारेला जागाही आहे.