सापडले नाही, म्हणजे नाही काय?

१९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांच्या ताब्यातील पश्चिम हॉलंडमध्ये अन्नान्नदशा झाली होती. माणसे बीटकंद आणि ट्युलिपचे कंद उकडून खात होती. हजारो भुकेने मेली. त्या हाहाकारात एक विपरीत गोष्ट घडली. सीलिअॅक या पोटाच्या विकाराने खंगलेली काही मुले, पाव दुर्मिळ झाला असताना, चक्क सुधारू लागली! पुढे पाव आला आणि दुखणेही परतले. हेग येथील बालरुग्णालयाचे डॉ. विलेम डिके यांना गव्हाचा संशय युद्धापूर्वीच होता. तो आता बळावला, आणि १९५० साली त्यांनी उट्रेख्त विद्यापीठात यावर प्रबंध सादर केला.

अपराधी ठरले ते कणकेला चिकटपणा देणारे प्रथिन, ग्लुटेन. त्याचे भाऊबंद जवात आणि राय धान्यातही असतात. या रोग्याच्या शरीराची संरक्षक शक्ती त्यांच्यापायी स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. उपाय एकच: जन्मभर पथ्य.

आणि बिअर तर मुळात जवाची! १५१६ साली बव्हेरियात कायदाच झाला की, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. मग या रोग्यांसाठी बिअर करायची कशी?

पहिली वाट धान्य बदलण्याची. आपली ज्वारी येथे मानाने पुढे येते. आफ्रिकेत तर तिची बिअर पूर्वापार होते. मात्र ज्वारीचे पीठ जवापेक्षा अधिक उष्णतेला शिजते. म्हणून ते वेगळे शिजवावे लागते किंवा बाहेरून विकरे घालावी लागतात. त्याहून मोठी अडचण आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. गिरणीत आपण बजावतो, “ज्वारीवरच ज्वारी दळा हं!” कारखान्यातही तेच. जवाचा भुसा कोठारात, जात्यात, नळ्यांत दडून बसतो. जवाच्या रसावर वाढवलेले यीस्टसुद्धा घात करते. म्हणून यंत्रे वेगळी ठेवतात, नाहीतर धुऊन, धुतलेले पाणीही तपासतात.

दुसरी वाट चतुराईची. बिअर थंड केली की गढुळते. तो गढूळपणा टाळण्यासाठी अॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळणारे एक विकर आंबवताना घालू लागले. ते प्रथिनांची साखळी प्रोलिनपाशी तोडते. जवाच्या प्रथिनात प्रोलिन मुबलक. तेव्हा त्याचेही तुकडे पडतात. कोडेक्सने २००८ साली घातलेली मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमची. अशी बिअर तपासणीत बहुधा तिच्या आत बसते.

पण तपासणी कशी होते? नेहमीच्या रीतीत प्रतिपिंडांचे दोन हात प्रथिनाला दोन जागी धरतात. तुकड्याला धरायला एकच जागा उरली की तो निसटतो! माद्रिदला एन्रिके मेंदेस यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या आर-५ प्रतिपिंडाची स्पर्धात्मक चाचणी एका पकडीवर भागवते. तरी हाती आलेला तुकडा बाधेल की नाही, हे तीही सांगू शकत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, विकार जागा असलेल्या ३१ रुग्णांपैकी दोघांच्या रक्तद्रवाने अशा बिअरमधले अवशेष ओळखले. मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्याच्या बिअरमध्ये मात्र कोणाच्याही रक्तद्रवाला काही सापडले नाही.

म्हणून देशोदेशीचे नियम वेगळे. युरोपात मर्यादेत बसलेल्या जवाच्या बिअरलाही ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली आंबवलेल्या पदार्थांसाठी ठरवले की, आंबवण्यापूर्वीच जिन्नस ग्लुटेनमुक्त असले पाहिजेत आणि तशा नोंदी ठेवल्या पाहिजेत.

मी शाळामास्तर. तपासनिसाला चूक दिसली नाही, म्हणजे उत्तर बरोबर असतेच असे नाही, हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. यंदा फराळाला एखादे असे पथ्याचे पोर आले, तर चकली नुसती निरखून काय कळणार? भाजणीत मूठभर गहू पडला होता का आणि ती कशावर दळली, हेच आठवून सांगितले पाहिजे.