पिंपरीच्या आकाशाची ओळख : प्रस्तावना

आकाशाचे पुस्तक हातात घेतल्यावर पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला पहिली शंका येते ती उजेडाची. भोसरीच्या एमआयडीसीपासून चाकणपर्यंत रात्रभर दिवे जळतात, हवेत धूळ असते आणि इथल्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा काही दिसत नाही. शंका रास्त आहे. पण खगोलशास्त्राची सुरुवात आकाशगंगेपासून होत नाही. ती होते सूर्य, चंद्र आणि मोजक्या ठळक ताऱ्यांच्या चालीपासून, आणि ही मंडळी कारखान्याच्या दिव्यांना दाद देत नाहीत. ज्यांना दुर्बीण नाही, गावाबाहेर जायला सवड नाही आणि शाळेतले विज्ञान मागे पडले आहे, अशा वाचकांनाही इथे पहिल्या रांगेत जागा आहे.

किंबहुना या गावाच्या वाचकाकडे एक भांडवल आधीपासूनच आहे. जॉब हातात घ्यायचा, व्हर्निअर लावायचा, रीडिंग जसे येईल तसे लिहायचे आणि मापात बसला नाही तर तो बाजूला काढायचा, मग तो कोणीही केलेला असो. ही शिस्त इथल्या घराघरांत कोणीतरी रोज पाळते. विज्ञानाची पद्धत याहून फार वेगळी नाही. विधान असे करावे की ते चुकू शकेल, मग मोजून पाहावे, आणि माप विरुद्ध गेले तर विधान सोडावे, माप नव्हे. वाचकांनी या पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याकडे याच नजरेने पाहावे, एवढीच सुरुवातीची विनंती.

पहिली तपासणी भर दुपारची आहे. पिंपरीचे अक्षांश सुमारे १८.६ उत्तर, म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. त्यामुळे वर्षातून दोनदा, १४ मे आणि २९ जुलैच्या सुमारास, सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो. लोखंडी पाइपचा हातभर तुकडा सपाट जागी ओळंब्यात उभा करा. सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाशी येते आणि काही क्षण नाहीशी होते. वरून डोकावले तर पाइपच्या आत, तळाशी, उन्हाचा गोल पडलेला दिसतो. मात्र बाराच्या ठोक्याला हे पाहायला जाल तर फसाल. मे महिन्यात ही वेळ साडेबाराच्या आसपास येते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची आणि आपण त्याच्या जवळजवळ पावणेनऊ अंश पश्चिमेला; अंशामागे चार मिनिटे धरली की पस्तीसेक मिनिटांचा हिशेब लागतो. जुलैत हीच वेळ आणखी दहा मिनिटे पुढे सरकते. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि कक्षा पुरती गोल नाही, याचा हा परिणाम. जुलैत ढग आड येतात, म्हणून मे महिना चुकवू नये.

दुसरी तपासणी शिफ्टवाल्यांसाठी आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर, अकराच्या सुमारास, कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असाल तर डिसेंबरअखेरीस मृग नक्षत्र दक्षिणेकडे उंच दिसेल. मधले तीन तारे सरळ रेषेत आहेत, ओळख पटायला वेळ लागत नाही. त्याच वेळी, त्याच स्टॉपवर मार्चअखेरीस पाहा: मृग पश्चिमेला मावळतीला टेकलेले असेल. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही सरकते, म्हणून ताऱ्यांच्या हिशेबाने तिची फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. जूनच्या सुरुवातीला ‘मृग लागला’ म्हणून शेतकरी पेरणीची तयारी करतो, तेव्हा मृग रात्री दिसतच नाही. सूर्यच त्या भागात असतो. दिसत नाही ते कुठे आहे हे सांगता येणे, हा या शास्त्राचा पहिला मोठा पल्ला.

तिसरी तपासणी चिंचवडकरांना नवी नाही. संकष्टीला मोरया गोसावींच्या दर्शनाला जाऊन आल्यावर घरोघर चंद्रोदयाची वाट पाहिली जाते आणि दिनदर्शिकेत गावागणिक वेगळी वेळ छापलेली असते. नागपूर आपल्या पूर्वेला आहे, तिथे चंद्र वीसेक मिनिटे आधी उगवतो. दुसऱ्या दिवशी तोच चंद्र सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो, कारण दिवसभरात तो स्वतःही पूर्वेकडे सरकलेला असतो. छापील वेळ झाली तरी चंद्र दिसला नाही तर पंचांगकर्त्याला बोल लावू नका. समोरच्या इमारतीने क्षितिजावरचे दहा अंश जरी झाकले असतील, तरी वर यायला त्याला पाऊण तास लागतो.

अंश मोजायला वेगळे साधन नको. हात लांब करून मूठ वळा; मुठीची रुंदी सुमारे दहा अंश. ध्रुवतारा इथून उत्तरेला दोन मुठींना किंचित कमी उंचीवर दिसतो, म्हणजे जवळजवळ आपल्या अक्षांशाइतका. शेजारी बिहार-उत्तर प्रदेशातून कामाला आलेले कोणी असेल तर गावी गेल्यावर त्यांना मोजायला सांगा. तिथे तो अडीच मुठींच्या घरात भरेल. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा रेल्वेच्या तिकिटाइतका स्वस्त आहे.

ही मोजणी आपल्या मातीत जुनी आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला आणि ज्या-कोज्यांच्या किचकट आकडेमोडीवाचून ग्रह मांडायची सोय करून दिली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत प्रसिद्ध केला. अशा जुन्या मोजणीत काळाबरोबर फरकही साचतो: मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते आणि सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या आसपास; ही तफावत कशी पडली हे समजून घ्यायचे तर पृथ्वीच्या आसाची सुमारे २६,००० वर्षांची संथ डुलणी समजून घ्यावी लागते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि मराठीत लिहिणे शेवटपर्यंत सोडले नाही. चाकणवरून नाशिक रस्त्याने पुढे गेलात की नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातल्या रेडिओलहरी टिपत असतात, दिवसाही आणि ढगाळ हवेतही. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या उभारल्या. इतके सगळे आपल्या दोन-तीन तासांच्या परिघात असलेली गावे देशात थोडी असतील.

हे पुस्तक सलग वाचण्याची घाई करू नये. एक प्रकरण वाचावे, आठवडाभर पाहावे, मग पुढे जावे. एक वही ठेवावी. तारीख, वेळ, दिशा आणि मुठींतली उंची एवढे लिहिले तरी पुरे. आकृती लगेच उमगली नाही तर स्वतःला कमी लेखू नका. सूर्य रोज उगवण्याची जागा बदलतो आणि वर्षभरात खऱ्या पूर्वेच्या दोन्ही बाजूंना पंचवीस अंशांपर्यंत सरकतो, हे कागदावर समजायला जड जाते. बाल्कनीतून सहा महिने पाहणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. मुलांना चिंचवडच्या सायन्स पार्कजवळच्या तारांगणात जरूर न्या, पण परत आल्यावर गच्चीवरही न्या. फलज्योतिषाची चर्चा या पुस्तकात नाही. चंद्रोदयाची वेळ मिनिटाने चुकली तर लगेच उघडी पडते; त्या कसाला उतरणाऱ्या विधानांपुरतेच आपण बोलणार आहोत.

पहिले प्रकरण सावलीचे आहे. त्यासाठी मेपर्यंत थांबायचे कारण नाही. आज दुपारी बारा ते एक दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषा दाखवील. तुमच्या घराची खरी दिशा बिल्डरने सांगितली तीच आहे का, हेही त्याच तासात कळेल.