बिनतारी नियंत्रित दिवा

बिनतारी नियंत्रित दिवा : वाय-फायवरून आलेली आज्ञा वाचून मायक्रोकंट्रोलर ज्याची वीज जोडतो किंवा तोडतो, असा दिवा. शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून १९०५ मध्ये बेंगळूरुला वीज मिळाली. आज त्याच शहरात विद्यार्थी आणि हौशी मंडळी असे दिवे घरी जुळवतात. सुटे भाग एस. पी. रोडच्या दुकानांत मिळतात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे, त्यामुळे अशा प्रयोगाला कोणाची परवानगी लागत नाही.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ मध्ये हौशी लोकांच्या हाती आली. प्रोसेसर आणि वाय-फाय एकाच चिपमध्ये, तेही स्वस्तात, यामुळे हा दिवा सर्वांच्या आवाक्यात आला. चिप ३.३ व्होल्टवर चालते. तिची पिन जेमतेम १२ मिलिअँपिअर देते, तर दिव्याची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या ५ व्होल्टच्या नेहमीच्या रिलेच्या कॉइलला ७० च्या आसपास लागतात. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर हवाच, आणि रिले बंद होताना उसळणारा दाब जिरवायला कॉइलवर उलटा डायोड. पिनची निवडही जपून करावी. ०, २ आणि १५ या पिनांची पातळी पाहून चिप कशी सुरू व्हायचे ते ठरवते. तिथे रिले जोडला तर दिवा लुकलुकतो किंवा चिप सुरूच होत नाही. ४ आणि ५ या पिना निर्धोक.

रिले २३० व्होल्टच्या फेजच्या तारेत घालावा, न्यूट्रलमध्ये कधीही नाही. नाहीतर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही फेज जिवंत राहतो. प्रोग्रॅम चढवताना घरगुती वीज पूर्ण तोडलेली असावी. प्रकाश मंद करणे रिलेचे काम नव्हे. त्यासाठी १२ व्होल्टची एलईडी पट्टी मॉस्फेट या ट्रान्झिस्टरने सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात.

खरा कस वीज जाऊन परत आल्यावर लागतो. चिप लगेच जागी होते, राउटरला मात्र बराच वेळ लागतो. वाय-फायची वाट पाहत अडून राहणारा प्रोग्रॅम सदोष मानावा : घरातल्या वृद्ध माणसाला अंधारात मोबाईल शोधावा लागता कामा नये. यासाठी भिंतीवरचे बटण दिव्याची वीज तोडणारे न ठेवता चिपच्या इनपुट पिनला जोडतात. नेटवर्क नसतानाही ते चालते. आज्ञा पोहोचवण्यासाठी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी तयार झालेली एमक्यूटीटी ही संदेशपद्धत सोयीची आहे. तिचा मध्यस्थ सर्व्हर घरच्याच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ठेवावा, म्हणजे इंटरनेट बंद पडले तरी दिवा अडत नाही. मात्र मध्यस्थाने जुनी आज्ञा जपून ठेवली, तर संपर्क जुळताच ती पुन्हा येते आणि मध्यंतरी हाताने बंद केलेला दिवा आपोआप लागतो. म्हणून आज्ञा साठवू नयेत, फक्त दिव्याने कळवलेली स्थिती साठवावी.