निराशा करणारा पुढचा भाग : ‘अपराजितो’ कादंबरी आणि चित्रपट

प्रस्तावना

एखादी कादंबरी वाचकांना आवडली की तिच्या पुढच्या भागाची ते वाट पाहतात. पुढचा भाग आला की बहुतेक वेळा ‘पहिल्याची सर नाही’ असे म्हणतात. त्यावर चित्रपट निघाला की मग ‘पुस्तक चांगले की चित्रपट?’ हा वाद सुरू होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला या वादातून फारसे काही मिळत नाही. त्याच्या उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे : निराशा नेमकी कोणाची झाली आणि कशामुळे? लोकांची निराशा हासुद्धा एक पुरावा असतो. त्या काळात लोकांची काय अपेक्षा होती, हे तिच्यावरून कळते.

या टिपणात आपण बंगाली साहित्यातील ‘अपराजितो’ ही कादंबरी आणि सत्यजित राय यांचा त्याच नावाचा चित्रपट यांची तुलना करणार आहोत.

१. कादंबरी : एका गावातून मोठ्या जगात

विभूतिभूषण बंद्योपाध्याय (१८९४–१९५०) यांची ‘पथेर पांचाली’ ‘विचित्रा’ मासिकात क्रमशः छापली गेली आणि १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. निश्चिंदीपूर हे गाव, गरीब पुरोहित हरिहर, त्याची बायको सर्वजया, मुलगी दुर्गा आणि मुलगा अपू एवढेच तिचे विश्व. तिचा पुढचा भाग ‘अपराजितो’ ‘प्रवासी’ मासिकात क्रमशः येऊन १९३२ मध्ये पुस्तक झाला.

पहिल्या कादंबरीनंतर लगेच दुसरी वाचायला घेतली, तर बऱ्याच वाचकांना ती पसरट वाटते. अपूचे शाळा-कॉलेज, कोलकात्यातील उपासमार, आईचा मृत्यू, अचानक झालेले लग्न, पत्नी अपर्णाचा बाळंतपणातला मृत्यू, दूरच्या अरण्यातली भटकंती, लेखक होणे, मुलगा काजल, निश्चिंदीपूरला परतणे असे प्रसंगामागून प्रसंग येत राहतात. माणसे भेटतात आणि निघून जातात. ‘मासिकात हप्त्याहप्त्याने लिहिल्यामुळे असे झाले’ हे उत्तर चटकन सुचते. पण ते पुरे पडत नाही, कारण ‘पथेर पांचाली’ही हप्त्यानेच आली होती. खरा फरक जागेचा आहे. पहिल्या कादंबरीचा बहुतेक भाग एका गावात घडतो, त्यामुळे सगळे प्रसंग आपोआप एकत्र बांधले जातात. दुसऱ्या कादंबरीचा विषयच गाव सुटणे हा आहे. घर सुटलेल्या माणसाची गोष्ट सांगायची, तर कथेलाही घरासारखी चौकट राहत नाही.

म्हणजे ज्याला आपण दोष म्हणतो, तो काही अंशी विषयातूनच आला आहे. तरीही वाचकाच्या हाती पहिल्या कादंबरीसारखे घट्ट काही लागत नाही, हे मान्य केले पाहिजे.

२. चित्रपट : काय घेतले, काय सोडले

राय यांचा ‘पथेर पांचाली’ कोलकात्यात ऑगस्ट १९५५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यासाठी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले होते. चित्रपट चालला, गाजला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. तीन चित्रपटांची मालिका करायची असे राय यांनी सुरुवातीला ठरवले नव्हते. पहिल्या यशानंतर ते पुढच्या भागाकडे वळले आणि ‘अपराजितो’ ऑक्टोबर १९५६ मध्ये आला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नाव सारखे असले तरी कादंबरी आणि चित्रपट यांच्या सीमा सारख्या नाहीत. पहिला चित्रपट कुटुंब गाव सोडते तिथे संपतो. काशीला जाणे, हरिहरचा तिथला मृत्यू आणि सर्वजयाने श्रीमंत घरी स्वयंपाकीण म्हणून राहणे, हे सगळे ‘पथेर पांचाली’ कादंबरीच्या शेवटच्या भागात आहे. राय यांनी तो भाग दुसऱ्या चित्रपटाच्या आरंभी घेतला. त्याला ‘अपराजितो’ कादंबरीचा साधारण पहिला एक तृतीयांश भाग जोडला आणि आईच्या मृत्यूपाशी थांबले. कादंबरीचा उरलेला भाग १९५९ च्या ‘अपूर संसार’मध्ये आला.

या कापणीने अर्थ बदलला. कादंबरीत आईचा मृत्यू हा लांबलचक वाटेवरचा एक टप्पा आहे, त्यानंतर अपूचे बरेच आयुष्य शिल्लक आहे. चित्रपटात तोच शेवट आहे. पाहणारा तो मनात घेऊनच थिएटरबाहेर पडतो.

दुसरा मोठा बदल म्हणजे लीला. ही श्रीमंत घरातली, अपूची लहानपणापासूनची मैत्रीण कादंबरीत महत्त्वाची आहे. योग्य अभिनेत्री न मिळाल्याने राय यांना हे पात्र गाळावे लागले. कादंबरीत अपूला शहराकडे ओढणाऱ्या गोष्टींत लीलाही आहे. चित्रपटात ती नसल्यामुळे एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला शिक्षण, एवढेच उरते.

चित्रपटातला क्रम आठवून पाहा. मुलगाही मालकाच्या घरी नोकरासारखा राबू लागला, हे पाहून सर्वजया त्याला घेऊन मनसापोता गावी येते. अपूने भिक्षुकी करावी असे ठरते, पण तो शाळेचा हट्ट धरतो. हुशार निघतो, शिष्यवृत्ती मिळवतो आणि कोलकात्याला जातो. दिवसा कॉलेज, रात्री छापखान्यात काम. सुट्टीत घरी आल्यावर आई आपल्या आजारपणाबद्दल, पुढच्या दिवसांबद्दल बोलत राहते आणि तो झोपी जातो. पुढे परीक्षेचे कारण सांगून तो घरी येणे टाळतो. आई गाडीचे आवाज ऐकत वाट पाहते. तो येतो तेव्हा ती राहिलेली नसते. इथेच राहून क्रियाकर्म कर असे नातेवाईक भवतारण सुचवतात. अपू मात्र ते कोलकात्यात करीन म्हणतो आणि निघतो.

३. प्रेक्षक का दुखावले?

चित्रपट कोलकात्यात चालला नाही. आई आणि मुलगा यांच्यातील परस्परप्रेमाच्या रूढ कल्पनेला धक्का बसल्यामुळे प्रेक्षक दुरावले, असे राय यांनी पुढे सांगितले. तोच चित्रपट १९५७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ‘सुवर्णसिंह’ मिळवून आला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट.

धक्का देणारी गोष्ट राय यांनी स्वतःच्या पदरची घातली होती का? नाही. आईच्या मृत्यूची बातमी कळताच अपूला क्षणभर सुटल्यासारखे वाटते, हे विभूतिभूषण यांनी कादंबरीतच लिहून ठेवले आहे. त्या धाडसी निरीक्षणानेच आपल्याला या विषयाकडे ओढले, असे राय सांगत. मग कादंबरीने जे पचवले ते चित्रपटाला का जमले नाही?

कादंबरीत निवेदक असतो. सुटकेची भावना सांगितल्यावर अपू स्वतःच तिला कसा दचकतो, आईवर त्याचे किती प्रेम होते, हेही तो सांगतो. वाचकाला सावरायला जागा मिळते. चित्रपटात निवेदक नाही. झोपी गेलेला मुलगा, न आलेले पत्र, पाठ फिरवून चालू लागलेली आकृती एवढेच आपण पाहतो. समजून घेण्याचे काम प्रेक्षकावर पडते आणि प्रत्येकाला ते नको असते.

त्या काळाच्या अपेक्षेचा अंदाज घ्यायला मराठीतले उदाहरण उपयोगी पडेल. साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तिथेही गरिबी आहे, कर्तव्यकठोर आई आहे, शिक्षणासाठी दूर गेलेला मुलगा आहे आणि त्याच्या अनुपस्थितीत आलेला आईचा मृत्यू आहे. पण श्याम आयुष्यभर आईची शिकवण आठवतो. अपू मात्र आईला मागे ठेवूनच पुढे जातो. दोन्ही मुले खरी आहेत. पहिल्याचे कौतुक करणे समाजाला सोपे होते, दुसऱ्याला ओळख देणे अवघड.

४. इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे?

पहिली गोष्ट : चित्रपट हा घडलेल्या काळाचाच पुरावा असतो असे नाही, तो बनवलेल्या आणि पाहिल्या गेलेल्या काळाचाही असतो. ‘अपराजितो’मधले काशीचे घाट खरे आहेत, पण घराचे अंगण स्टुडिओतला सेट आहे. छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी वर कापड ताणून त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश खाली घेतला, म्हणून ते खऱ्या आकाशाखालचे वाटते. खरे वाटणे आणि खरे असणे यांतला फरक पुरावा तपासताना विसरू नका.

दुसरी गोष्ट : तुलना करताना गाळलेल्या भागांची यादी करून थांबू नका. गाळल्यामुळे उरलेल्या भागाचे वजन कसे बदलले, ते विचारा. ‘अपराजितो’ कादंबरी अनेक गोष्टी सांगू पाहते आणि त्यामुळे विरळ होते. चित्रपट त्यांतली एकच उचलतो, पण ती आपल्या प्रेक्षकाला सोसवेल त्याहून स्पष्ट सांगतो. कादंबरीबद्दलची निराशा रचनेची आहे. चित्रपटाबद्दलची निराशा एका सत्याबद्दलची आहे. या दोन निराशा एका मापाने मोजता येत नाहीत.

तिसरी गोष्ट तुमच्या जवळची आहे. तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर होणार असाल आणि वसतिगृहातून, दुसऱ्या राज्यातून हे वाचत असाल. शिक्षण माणसाला वर नेते, हे आपण नेहमी ऐकतो. त्याची किंमत घरातले कोण मोजते, हे सरकारी अहवालांत आणि विद्यापीठांच्या आकडेवारीत सहसा सापडत नाही. सर्वजयाने ती किंमत मोजली. तिची नोंद एका पसरट कादंबरीत आणि न चाललेल्या चित्रपटात राहिली. सामाजिक इतिहासाची साधने म्हणून म्हणूनच दोन्ही जपायला हवीत.

स्वाध्याय

१. लीला हे पात्र चित्रपटात असते, तर प्रेक्षकांनी अपूकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते का? कारणे द्या.

२. तुमच्या भाषेतील एखाद्या कादंबरीचा पुढचा भाग आणि त्यावरील चित्रपट किंवा नाटक निवडा. वाचकांची आणि प्रेक्षकांची निराशा वेगवेगळी होती का, ते त्या काळच्या परीक्षणांच्या आधारे तपासा.

३. शिक्षणासाठी घर सोडलेल्या तुमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ व्यक्तीशी बोला. मागे राहिलेल्या माणसांबद्दल त्यांनी काय सांगितले, ते दोन पानांत लिहा.