टेराहर्ट्‌झ प्रारणाचे अभिज्ञातक

सु. ०·१ ते १० टेराहर्ट्‌झ (१ टेराहर्ट्‌झ = १०¹² हर्ट्‌झ) कंप्रतेच्या, म्हणजे ३ ते ०·०३ मिमी. तरंगलांबीच्या विद्युत् चुंबकीय तरंगांचे अस्तित्व ओळखणारी व शक्ती मोजणारी साधने. हा पट्टा अवरक्त प्रारण व रेडिओ तरंग यांच्या मध्ये येतो. दोन्हींकडची साधने येथे दीर्घकाळ अपुरी पडत होती. १ टेराहर्ट्‌झ तरंगाच्या फोटॉनाची ऊर्जा सु. ४ सहस्रांश इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा सु. २५ सहस्रांश इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. त्यामुळे अभिज्ञातकाची स्वतःची व भोवतालची उष्णता मोजावयाच्या प्रारणापेक्षा वरचढ ठरते.

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये अवरक्त प्रारण साध्या तापमापकाने ओळखले. एस्. पी. लँग्ली यांनी १८८० च्या सुमारास प्लॅटिनमाच्या पातळ पट्टीच्या विद्युत् रोधातील बदलावर आधारलेला बोलोमीटर तयार केला. तथापि अशा साधनांवर काजळीचा लेप देत, आणि दृश्य प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषणारी काजळी लांब तरंगांना बरीचशी पारदर्शक असते. अभिज्ञातक किती संवेदनशील आहे हे पाहण्यापूर्वी तो ते प्रारण शोषतो की नाही हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

या क्षेत्रातील सर्वांत फलदायी मापन एच्. रुबेन्स व एफ्. कुर्लबाउम यांनी १९०० मध्ये बर्लिन येथे केले. औष्णिक अभिज्ञातक सर्वच तरंगांना प्रतिसाद देतो, म्हणून नको असलेले तरंग आधीच काढून टाकावे लागतात. त्यासाठी त्यांनी प्रारण सैंधवाच्या स्फटिकांवरून वारंवार परावर्तित केले व उरलेले सु. ५१ मायक्रोमीटर (सु. ५·९ टेराहर्ट्‌झ) लांबीचे तरंग तपचितीने मोजले. उच्च तापमानाला कृष्ण पदार्थाचे हे प्रारण तापमानाच्या प्रमाणात वाढते, असे आढळले. व्हीन यांच्या सूत्राशी ते जुळेना. रुबेन्स यांनी ही गोष्ट ७ ऑक्टोबर रोजी माक्स प्लांक यांना सांगितली आणि १९ ऑक्टोबरला प्लांक यांनी आपले नवे सूत्र मांडले. पुंज सिद्धांताचा उगम या मापनाशी निगडित आहे, हे पुष्कळदा विसरले जाते.

विद्युत् बाजूने जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्ता येथे सु. ५ मिमी. लांबीचे तरंग निर्माण केले. त्यांच्या गॅलीना स्फटिकाच्या अभिज्ञातकाला १९०४ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. ई. एफ्. निकल्स व जे. डी. टिअर (१९२३) यांनी ०·२२ मिमी., तर मॉस्को येथे ए. ए. ग्लागोल्येव्हा-अर्काद्येव्हा यांनी ०·०८२ मिमी. लांबीचे तरंग विद्युत् ठिणगीने निर्माण केले आणि दोन्ही वर्णपट एकमेकांस भिडले. याच विषयावर वॉशिंग्टन येथे भाषण करीत असता १९२४ मध्ये निकल्स यांचे निधन झाले.

एम्. जे. ई. गोले यांच्या अभिज्ञातकात (१९४७) शोषित उष्णतेने कोठडीतील वायू प्रसरण पावून पातळ पटल फुगते व त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश सरकतो. तो खोलीच्या तापमानाला चालतो, परंतु मंद व नाजूक असतो. प्रारण अतिक्षीण असल्यास एफ्. जे. लो यांच्या जर्मेनियम बोलोमीटरासारखा (१९६१) द्रव हीलियमाने थंड केलेला अभिज्ञातक घ्यावा लागतो. मात्र शीतनाचा व्याप व खर्च मोठा असतो. लेसरच्या अत्यल्पकालिक स्पंदाने निर्माण केलेल्या तरंगाचा कालानुसारी आकार हवा असल्यास दोन्ही निरुपयोगी असतात. त्यासाठी १९८० नंतर विकसित झालेले प्रकाशसंवाहक अँटेना वापरतात. हर्शेल यांचे नाव दिलेल्या अवकाश वेधशाळेतील (२००९–१३) काही बोलोमीटर ०·३ केल्व्हिन तापमानाला ठेवलेले होते. हीलियम संपताच तिचे निरीक्षणकार्य थांबले.