एका ओळीत बसलेली पोरं : वऱ्हाडातली छात्रालयं आणि प्रार्थना मंडळं

(शेंदूरजनाघाट येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोर बारावीची मुलंमुली बसली आहेत, मागं त्यांचे आईवडील आहेत आणि उजवीकडं ज्येष्ठ मंडळी. म्हणजे आजचा विषय ज्यांचा आहे ती तिन्ही माणसं इथं हजर आहेत. जो गाव सोडणार आहे तो, जो त्याला सोडायला एसटी स्टँडवर जाणार आहे तो, आणि जो कधी काळी स्वतः असाच गेला होता तो.

आपल्या गावातून संत्र्याच्या कलमा किती लांब जातात हे तुम्हाला मी सांगायला नको. कलम पाठवताना मुळाशी मातीचा गोळा ठेवतात. पोरगं शिकायला पाठवताना त्याच्याबरोबर काय द्यायचं, हे मात्र शंभर वर्षांपूर्वी कुणालाच माहीत नव्हतं. ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी. बस्स. पुढं शहरात ते कुणाकडं राहणार, कुणाच्या ताटाला ताट लावून जेवणार?

हा जेवणाचा प्रश्न साधा वाटतो. पण शिक्षणाच्या इतिहासात मला तो फीच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून जेवायची सोय होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कुणी माधुकरी मागायचा. त्यात अपमान होता, उपासही होते. तो काही सुखाचा मामला नव्हता. पण एक जाळं होतं. कुणब्याच्या, माळ्याच्या, तेल्याच्या पोराला असं जाळं नव्हतं. महाराच्या पोराचं तर बोलायलाच नको, त्याला खोलीही मिळत नसे. म्हणजे बुद्धी आहे, वर्गात नाव आहे, आणि संध्याकाळी जायला जागा नाही.

यावर पहिलं मोठं उत्तर आलं कोल्हापुरातून. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी सर्व जातींचं मिळून एक वसतिगृह काढलं. ते चाललं नाही. हळूहळू तिथं ब्राह्मण मुलंच उरली. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ साली मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैनांचं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, पुढं लिंगायतांचं, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग. ज्याच्या त्याच्या समाजानं आपल्या मुलांना आधी छप्पर द्यावं, असा तो व्यवहारी विचार होता. आज काही लोक म्हणतात की महाराजांनी जातीजातीची वसतिगृहं काढून जात पक्की केली. मला ते पटत नाही. १८९६ चा प्रयोग फसलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पण एक खरं, की 'आपलं' हा शब्द त्या वसतिगृहांत जातीपाशी किंवा धर्मापाशी येऊन थांबत होता.

आता या पार्श्वभूमीवर अमरावतीकडं या. पापळ गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा, पंजाबराव शामराव देशमुख, जन्म १८९८. विलायतेला गेला, बॅरिस्टर झाला, आणि ऑक्सफर्डला प्रबंध लिहिला तो कशावर? शेतीवर नाही, कायद्यावर नाही. वैदिक वाङ्मयात धर्माचा उगम कसा झाला आणि विकास कसा झाला, यावर. पुढं देशाचा कृषिमंत्री झालेला हा माणूस मुळात धर्माचा अभ्यासक होता, हे आपण विसरतो. १९२६ मध्ये तो परत आला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला. आर्य समाजाचे संन्यासी, कांगडीच्या गुरुकुलाचे संस्थापक, अस्पृश्यता हटवा म्हणून जन्मभर बोललेले. १९२७ मध्ये अमरावतीत पंजाबरावांनी जे वसतिगृह काढलं त्याचं नाव श्रद्धानंद छात्रालय. आणि ते काढलं सर्व जातींच्या मुलांसाठी. कोल्हापुरात जे एकतीस वर्षांपूर्वी टिकलं नव्हतं, ते.

हे वर्ष नीट ध्यानात घ्या. १९२७. मार्चमध्ये महाडचं चवदार तळं. सातारला भाऊराव पाटलांचं बोर्डिंग, तिथंही सगळ्या जातींची पोरं एकत्र. फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. आणि आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटलेला. नोव्हेंबरात इंद्रभुवन थिएटरात त्यासाठी परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पंजाबराव या चळवळीच्या बाजूनं उभे होते.

तर चित्र काय दिसतं? एकाच गावात एक देऊळ आहे, तिथं काही जणांना पायरी चढायला बंदी आहे. आणि त्याच गावात एका संन्याशाच्या नावाचं छात्रालय आहे, तिथं ज्याला देवळात मज्जाव आहे तो मुलगा इतरांच्या पंगतीला बसतो. दोन्ही ठिकाणी नाव धर्माचंच. मला वाटतं, त्या पोरांना धर्म काय असतो हे कीर्तनातून कमी आणि ताटावर जास्त कळलं असेल. १९२८ मध्ये पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. छात्रालयातल्या पोरासाठी ही काही नवी गोष्ट नव्हती. त्यानं एका माठातलं पाणी आधीच प्यायलेलं होतं.

पण छात्रालय म्हटलं की पोरगं गाव सोडणार. जे गावातच राहिलं त्याचं काय? सातवीनंतर ज्याला बैलामागं जावं लागलं त्याचं? इथं दुसरं नाव येतं, आणि ते उच्चारायला मी थोडा उशीर केला, कारण तुम्ही वाट बघत आहात हे मला दिसत होतं.

तुकडोजी महाराज. जन्म १९०९, यावली. शाळा जेमतेम तिसरी. हातात खंजिरी. त्यांच्या भजनाला रात्र रात्र माणसं बसायची आणि त्यात तरुण पोरं पुष्कळ. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. गावोगावी पोरांची मंडळं झाली. सुरुवातीला त्यांना आरती मंडळ म्हणत, पुढं श्रीगुरुदेव सेवा मंडळ हे नाव रूढ झालं. काय करायची ही पोरं? पहाटे गाव झाडायचं, रामधून काढायची, कुणी व्यायाम शिकवायचा, कुणी अक्षरं. आणि दिवस मावळताना सामुदायिक प्रार्थना.

ती प्रार्थना तुम्ही पाहिलेली आहे, बरेच जण त्यात बसलेले आहात. तरी जरा परक्याच्या नजरेनं बघा. समोर मूर्ती नाही. एक अधिष्ठान, म्हणजे मांडलेलं रिकामं आसन. माणसं जमिनीवर रांगेत. मूर्ती नाही म्हणजे पुजारी नाही, पुजारी नाही म्हणजे सोवळं नाही, सोवळं नाही म्हणजे तू मागं बस असं म्हणायला कुणाला आधार नाही. मी लहानपणी या रांगेत कंटाळून चुळबुळ करायचो, हे कबूल करतो. पण पुढं परगावी शिकायला गेलो, पहिला महिनाभर कुणी ओळखीचं नाही, आणि एका संध्याकाळी भिंतीपलीकडून ओळखीचे शब्द कानावर आले. मी चप्पल काढून शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. तुझं नाव काय, आडनाव काय, असं कुणी विचारलं नाही. प्रार्थना झाल्यावर एकानं एवढंच विचारलं, "जेवला का?"

आता अवघड भागाकडं येतो. तो टाळला तर हा इतिहास राहत नाही, नुसती आरती होते.

ऑगस्ट १९४२. आपल्या इथून वर्धा नदी ओलांडली की आष्टी. तिकडं चंद्रपूरच्या बाजूला चिमूर. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. दोन्ही गावांत मोर्चे निघाले, त्यात भजनात बसणारी पोरं होती. गोळीबार झाला. चिमूरला सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गेला. सोळा. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांपेक्षा लहान. आणि मग चिडलेल्या जमावानं सरकारी अधिकारी आणि पोलीस ठार मारले. हेही झालं. त्यानंतर चिमुरात फौज आली आणि बायकांवर जे अत्याचार झाले त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. तुकडोजी महाराजांना ऑगस्टमध्येच अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून ते डिसेंबरात सुटले. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. ती रद्द व्हावी म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे वर्षानुवर्षं झटल्या आणि फाशीची वाट पाहणारे अखेर वाचले. आपल्या वरूड तालुक्यातलं बेनोडा आजही नावात 'शहीद' लावतं, ते याच दिवसांमुळं.

मला इथं प्रश्न पडतो, आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. रांगेत बसायला शिकलेल्या पोरांना रांगेनं चालायलाही येतं. ज्या एकीनं त्यांना बंदुकीपुढं उभं राहायचं बळ दिलं, तीच एकी जमाव झाल्यावर हात थांबवू शकली नाही. आपण हुतात्म्यांची नावं घेतो ती घ्यायलाच हवीत. पण मेलेल्या पोलिसांमध्येही कुणी इथलेच, नोकरीसाठी खाकी घातलेले असणार. मंडळात जाणाऱ्या पोराला हेही कुणीतरी सांगायला हवं.

सुटून आल्यावर महाराजांनी काय केलं, ते बघा. १९४३ पासून सेवा मंडळाची बांधणी पद्धतशीर सुरू झाली आणि भर पुन्हा गावावर आला. झाडू, संडास, शाळा, व्यसनमुक्ती. पुढं त्यांनी ग्रामगीता लिहिली, तिचे ४१ अध्याय. त्यात गाव कसं उभं करायचं याचा तपशील एखाद्या ओव्हरसियरच्या वहीसारखा आहे. जोश होता तो कामाला जुंपला, असं मी समजतो. काही अभ्यासक म्हणतात की यामुळं मंडळ राजकारणापासून दूर जाऊन मवाळ झालं. असेल. पण उन्हाळ्यातल्या सुसंस्कार शिबिरांना जी पोरं अजून जातात, त्यांच्यातलं एखादं घरी येऊन स्वतःचं ताट स्वतः घासतं, तेव्हा त्याच्या आईला विचारा मवाळ म्हणजे काय.

जाता जाता एक गंमत. नागपूर विद्यापीठाला नाव तिसरीपर्यंत शिकलेल्या तुकडोजी महाराजांचं. अमरावती विद्यापीठाला नाव गाडगेबाबांचं, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. तुमच्यातले बहुतेक जण यांपैकी एकाचं नाव छापलेली पदवी घेणार आहेत.

शेवटची विनंती ज्येष्ठांना. श्रद्धानंद छात्रालयात किंवा गावच्या आरती मंडळात असलेली पिढी आता जवळपास संपली. कुणाच्या पेटीत आजोबांनी वसतिगृहातून लिहिलेलं पोस्टकार्ड असेल, मंडळाच्या हजेरीची वही असेल, तर रद्दीत घालू नका. पंगतीला कोण कुणाशेजारी बसलं होतं हे सरकारी दप्तरात लिहिलेलं नसतं, ते अशाच कागदांत सापडतं. इथल्या वाचनालयात फोटो काढून ठेवला तरी चालेल.

मी थांबतो. प्रश्न आधी विद्यार्थ्यांचे घेऊ, मग मोठ्यांचे.